पहिली बाग तुमची नव्हती, नाना

नाना, आधी हेच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. माझी ती सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बरोबर होतात. ज्या वाइनला मी पहिला नंबर दिला, जिच्या टाकीवर तुमच्या बागेचं नाव होतं, ती तुमच्या बागेची नव्हतीच. ती सुमनअक्काच्या बागेची होती. हे मला तुमच्या गंधमुक्तीच्या दिवशी कळलं. तुम्हाला जाऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलते आहे. जळगावला घरी, बसमध्ये, प्रयोगशाळेत हातात काचेची नळी धरून. परवा आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी विचारलं, ताई, कुणाशी भांडताय? बहीण म्हणाली, लिहून काढ एकदाचं. म्हणून बसले आहे.

पहिल्यांदा आले तेव्हा शिंदखेड्याच्या स्टँडवर मला घ्यायला तुम्ही स्वतः मोटरसायकल घेऊन आला होतात. मी वाइनरीत नव्यानं लागलेली. वाइनरी म्हणजे तरी काय, धुळ्याच्या रस्त्यावर पत्र्याची एक मोठी शेड आणि आत आठ-दहा टाक्या. पण माझ्या डोक्यात हवा होती. वाटेत तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "मॅडम, तुमी सोता पेतस का?"

मी म्हटलं, "चाखते. मग थुंकून टाकते."

तुम्ही इतके हसलात की गाडी खड्ड्यात गेली. "मंग आपलं जमी," म्हणालात. "मीबी द्राक्ष चाखीसन थुकस."

घरी पोचलो तर तुमच्या कारभारणीनं, माईंनी, दारातच तुमची तक्रार माझ्याकडे केली. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस दारूला द्राक्षं देतो, गाव काय म्हणेल? तुम्ही म्हणालात, "दारू नई शे ती, वाइन शे. मॅडमले विचार." माई आत गेल्या तसे माझ्याकडे वाकून हळूच म्हणालात, "फरक काय शे?" मी अर्धा तास समजावलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, कळण्याची भाकरी माझ्या ताटात वाढलीत आणि म्हणालात, "खाय आधी. ते ऱ्हाऊ दे."

माझ्याआधी सगळ्या बागांचा माल एकाच टाकीत जायचा. नाल्याकाठची तुमची काळी जमीन, नाल्यापलीकडचं अक्काचं खडीचं वावर, गावाजवळची पांढरी, सगळं एकत्र. माझा हट्ट होता की प्रत्येक बागेची वाइन वेगळी ठेवायची आणि बाटलीवर त्या वावराचं नाव घालायचं. पुस्तकात वाचलं होतं मी, की जगात असे भाग आहेत जिथे एका पायवाटेच्या अलीकडची वाइन वेगळी आणि पलीकडची वेगळी मानतात, आणि शेकडो वर्षं मानत आले आहेत. आमच्या शेठना हे समजवायला मला दोन महिने लागले. तुम्हाला दोन मिनिटं. तुम्ही म्हणालात, "मंग त्यामा नवं काय? भरीतनं वांगं कोठलं शे ते विचारल्याबिगर जळगावमा कोनी लेस का?"

मग आपण बागा फिरलो. मी यंत्रानं साखर मोजायची, तुम्ही मणी तोंडात टाकायचात. आधी साल वेगळी चावायची, मग गर, मग बी दाढेखाली फोडायची, आणि सगळं बांधावर थुंकायचं. तुम्ही म्हणायचात, "अजून आठ दिन," आणि माझं यंत्रही आठ दिवसच सांगायचं. मला राग यायचा. इतकं शिकून मी ज्यावर पोचते तिथे हा माणूस दाढेनं पोचतो, याचा राग. आज सांगते, तोंडावर कधी कबूल केलं नाही.

अक्काच्या खडीवर मात्र तुम्ही वेगळेच व्हायचात. तिथली बी फोडून नुसते उभे राहायचात. पांढरे दगड इतके, की चालताना चप्पल सरकायची. नवरा गेल्यावर अक्कानं दोन मजुरांच्या जोरावर ती बाग धरून ठेवली होती, आणि छाटणी तिला तुम्ही शिकवली होती. तुम्ही मला म्हणाला होतात, "आठे येगळं शे काहीतरी. माले नाव सांगता येत नई." मी वहीत लिहिलं, "आंबटपणा जास्त," आणि पुढे गेले.

भांडण आपलं नंबरावरून झालं. मला नुसती नावं पुरेशी वाटत नव्हती. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग, अशी उतरंड हवी होती. पहिल्या वर्गाची बाटली वेगळी, तिसऱ्या वर्गाचा माल पुन्हा सगळ्यांच्या मिक्स टाकीत, बिननावाचा. तुम्ही ओट्यावर बसून माझी यादी ऐकलीत आणि परत दिलीत.

"वावरले नंबर नई ऱ्हास, माय. वावरले नाव ऱ्हास."

"नाना, बाजार नाव विचारत नाही. नंबर विचारतो."

"आन् ज्याना तिसरा उना, तो काय करी?"

"तो सुधारेल."

"जमीन कशी सुधारी?" तुम्ही विचारलंत. मी नुसता आवाज चढवला. माईंनी मध्ये पडून शेवभाजी वाढली. जेवताना तुम्ही वाद घालू द्यायचा नाहीत आणि जेवल्यावर मला बस गाठायची असायची, त्यामुळे तो वाद तसाच राहिला आणि नंबराचा कागद माझ्या मनासारखा पास झाला. मी मॅडम होते ना.

चाखण्याचा दिवस थंडीतला होता. शेडमध्ये टेबलं मांडली, पेले मांडले, बाटल्यांना कापड गुंडाळलं, फक्त आकडे ठेवले. नाशिककडून दोन जाणकार आले होते. बागवाले सगळे आले, इस्त्रीचे कपडे घालून, बायका-पोरांसकट. तुम्ही दाराशी उभे राहिलात. आत या म्हटलं तर म्हणालात, "माळ शे, आठेच बरं." अक्का मागच्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती. निकाल वाचला. पहिली बाग तुमची. खडीची बाग तिसऱ्या वर्गात, तळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तुम्हाला ओढून पुढे आणलं, नारळ दिला. अक्कानंही टाळ्या वाजवल्या, मी पाहिलं.

मग तुम्ही ते केलंत. नारळ टेबलावर ठेवलात, गळ्यातली माळ काढलीत, कपाळाला लावलीत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलीत. भरत, तुमचा मुलगा, "नाना!" म्हणून पुढे आला. तुम्ही पहिल्या नंबराचा पेला उचललात आणि एक घोट घेतलात. थुंकला नाहीत. सत्तर वर्षांत कधी शिवला नाहीत ते तुम्ही सगळ्या गावासमोर प्यायलात.

"हाऊ रस मन्ही बागना नई शे," तुम्ही म्हणालात. "हाऊ खडीवरना शे. सुमनना."

आणि मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला नसणार. मी म्हणाले, "नाना, आयुष्यात पहिला घोट घेतलात आणि लगेच मला शिकवायला निघालात?"

लोक हसले. जाणकार हसले. मीसुद्धा हसले, नाना. तुम्ही पेला खाली ठेवलात, सावकाश, सांडू नये म्हणून. त्यानंतर ती माळ पुन्हा गळ्यात घालायला तुम्हाला एकादशीची वाट पाहावी लागली, महाराजांकडे जाऊन सगळं सांगावं लागलं, हे मला माईंनी आता सांगितलं. तोवर तुम्ही गावच्या भजनात मागे बसायचात म्हणे.

मला खरंच वाटलं होतं की तुम्ही मन मोठं करताय. माझी बाजू म्हणून सांगत नाही, जे झालं ते सांगते. तुम्ही होतातच तसे. सरपंचकीला उभे राहिलात आणि शेजारच्याची बायको रडली म्हणून अर्ज मागे घेतलात. पाण्याची पाळी तुमची असली तरी आधी दुसऱ्याचं वावर भिजायचं. कुणी भेंडी आणून दाखवली तरी म्हणायचात, अशी भेंडी आमच्याकडे होत नाही. असा माणूस म्हणाला की पहिला नंबर माझा नाही, तिचा आहे, तर कोण विश्वास ठेवेल? तुमच्या चांगुलपणाचं मला इतकं कौतुक होतं की तुमचं बोलणं मी ऐकलंच नाही.

तुम्ही पुन्हा सांगून पाहिलंत. हंगामात तुम्ही बस पकडून थेट जळगावला आलात, माझ्या प्रयोगशाळेत. पिशवीत दोन घड, एक तुमचा, एक खडीवरचा, आणि कागदाच्या दोन पुड्यांत दोन्हीकडची माती. "चाख," म्हणालात. मी उभ्या उभ्या दोन मणी तोंडात टाकले आणि म्हटलं, "दोन्ही छान आहेत."

"दोन्हीबी छान कसं व्हई?" तुम्ही विचारलंत.

मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "नाना, जन्मभर दुसऱ्याला देत आलात. या वेळी तुमचं तुम्ही ठेवा." हे म्हणताना मला स्वतःचं फार बरं वाटलं होतं. तुम्ही पिशवीची घडी केलीत आणि विचारलंत की धुळ्याची बस कुठून मिळेल. मी रिक्षा करून दिली. चहासुद्धा पाजला नाही.

एप्रिलमध्ये, छाटणीच्या वेळी, अक्कानं बाग काढून टाकली. तिसऱ्या वर्गाचा माल पुढच्या सालापासून घेऊच असं नाही, हे शेठनी तिला कळवलं होतं. मला बातमी मिळाली तेव्हा मी "अरेरे" म्हटलं आणि कामाला लागले.

आणि मग तुमची बातमी आली.

गंधमुक्तीला तुमच्या अंगणात माणूस मावत नव्हता. भांडी कमी पडली म्हणून मी आणि अजून दोघी अक्काच्या घरी पातेली आणायला गेलो. तिच्या गोठ्याच्या भिंतीशी कांदे ठेवले होते, प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये, एकावर एक. प्रत्येक कॅरेटवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, "नाना."

मी विचारलं, "अक्का, ही कॅरेट नानांची?"

"हा. मन्हा फुटी जायेल व्हतात ना, त्या सालले," अक्का म्हणाली. "नानास्नी सोताना नवा दिधात आन् मन्हा जुना लई ग्यात. मंग मांगाच नई कधी."

मी कॅरेटवरचं ते नाव बोटानं पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. बाया म्हणाल्या, उन्हानं झालं. कुणीतरी पाणी आणलं.

तुम्हाला आता सांगते काय घडलं ते. तोडणीच्या दिवशी तुमचा आणि अक्काचा माल एकाच ट्रॉलीतून वाइनरीत आला. सोबत तुम्ही नाही, अक्का नाही, फक्त भाड्याचा ड्रायव्हर. आणि उतरवणाऱ्या माणसांना मी सांगून ठेवलं होतं की कॅरेटवरचं नाव वाचा आणि त्या नावाच्या टाकीत ओता. त्यांनी चोख तेच केलं. अक्काची द्राक्षं तुमच्या नव्या कॅरेटमध्ये होती, ती तुमच्या टाकीत गेली. तुमची तिच्या नावाच्या जुन्या कॅरेटमध्ये, ती तिच्या टाकीत. खानदेशात कुणाची कॅरेट कुणाच्या वावरात असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला नव्हतं. मी पुस्तकातून आले होते. आणि तुम्हाला ते आठवलंच नाही. दिलेली वस्तू तुमच्या लक्षात राहिली असती तर एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं.

घरी येऊन जुनी वही काढली. तोडणीच्या आठवडाभर आधी मी स्वतः दोन्ही बागांत फिरून आकडे घेतले होते. तुमच्या बागेचा आंबटपणा कमी, खडीचा जास्त. टाक्यांमध्ये बरोबर उलटं. आणि नाना, समासात माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "फरक का? नानांनी शेवटी पाणी कमी दिलं असेल." म्हणजे मला दिसलं होतं. मी तुमच्यावर ढकललं आणि पान उलटलं.

शेठकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, आता कुणाला कळणार आहे? बाटल्या विकल्या जाताहेत, नानांच्या नावानं लोकांना बरंही वाटतं." मी म्हटलं, मला कळलं आहे, तेवढं पुरे आहे. उरलेल्या पेट्यांवरची चिठ्ठी बदलून घेतली. त्यावर आता खडीची बाग असं लिहिलं आहे, खाली अक्काचं नाव. त्याआधी भरतला विचारायला गेले, कारण बापाचं नाव काढायचं होतं आणि त्याच्या डोक्यावर अजून केस उगवले नव्हते. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग नानांची बाग कितवी?"

"तिसऱ्या वर्गात, तळाला," मी म्हटलं.

तो आधी हसला. "नानांना किती आनंद झाला असता," म्हणाला, आणि मग ओट्यावरच्या खांबाला कपाळ टेकून रडायला लागला. माई आतून विचारत होत्या, काय झालं रे.

एक सांगते. नंबर चुकला हे मी कबूल करते, पाया पडून करते. पण नंबर लावणंच चूक, हे तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. खडीची बाग पहिली आहे हे जगाला ओरडून सांगावं असं मला वाटतं, आणि नंबराशिवाय ते कसं सांगायचं? तुम्ही म्हणाल, नावानं. मी म्हणेन, नाव कोण विचारतं. तुम्ही असतात तर आज पहिल्या बसनं हेच भांडायला आले असते, आणि या वेळी जेवून झाल्यावरही उठले नसते.

शेवटी अक्काकडे गेले. ती वावरात होती. बाग होती तिथे आता गुडघाभर कापूस आहे. लोखंडी अँगल काढून बांधावर रचून ठेवले आहेत, तारांची वेटोळी आहेत. अक्का निंदत होती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं, कॅरेटपासून वहीपर्यंत. म्हटलं, तुमची बाग पहिली होती, अक्का. माझ्या हातून चूक झाली.

तिचा विळा थांबला.

"नाना मालेबी सांगेत," ती म्हणाली. "सुमन, तुन्हा माल पहिला शे, बाग नको काढू. रोज येत. माले वाटनं, मन राखाले बोली ऱ्हायनात."

म्हणजे तिनंही ऐकलं नव्हतं, नाना. माझ्यासारखंच. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण तिची नजर बांधाकडे होती.

"ज्या दिनले बाग काढी," ती म्हणाली, "त्या दिनले ट्रॅक्टर आठेच उभं व्हतं. नाना आडवा उभा ऱ्हायनात. मी म्हनं, नाना, तुमनं सांगनं नको, मॅडम सांगी तं ऱ्हाऊ देसू बाग. अजून एक साल देखसू. तं त्यास्नी तुमले फोन लावा. दोनदा लावा."

मला आठवलं. मी जळगावला सराफाच्या दुकानात होते, बहिणीसाठी बांगड्या बघत. फोनवर "नाना" असं दिसलं. पुन्हा तेच सुरू होणार, असं मनात म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पर्समध्ये तो वाजत राहिला. थांबला, पुन्हा वाजला. दुकानदारसुद्धा म्हणाला, मॅडम, तुमचा फोन. मी म्हटलं, वाजू दे.

मी अक्काला विचारलं, "मग नाना काय म्हणाले?"

"काय म्हनतीन," अक्का म्हणाली. "म्हननात, कामात व्हई बिचारी, तिले नको तरास देवाले. आन् बाजूले सरकी ग्यात. सोताच ट्रॅक्टरवालाले हात करा, चालू कर म्हने."

नाना, मी कामात नव्हते.